जोखमीची गर्भावस्था आणि शय्याविश्रांती

तपासणी संपवून डॉक्टरांनी “आता पूर्ण विश्रांती घ्यायची” असे सांगितले, की त्या वाक्याचा अर्थ प्रत्येक घर आपापल्या परीने लावते. कोठे सून दोन-दोन महिने पलंगावरून पाय खाली टेकवीत नाही. जेवणाचे ताट, पाण्याचा तांब्या, इतकेच नव्हे तर शौचाचे भांडेही तिच्या जागेवर आणून दिले जाते. कोठे विश्रांती म्हणजे दुपारच्या भांड्यांतून तिला सूट, एवढाच अर्थ होतो. आणि जिला ऊस तोडावयाचा आहे, भट्टीवर विटा वाहावयाच्या आहेत किंवा डोंगर उतरून पाणी आणावयाचे आहे, ती स्त्री डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पेटीत ठेवते व दुसऱ्या दिवशी कामावर जाते. सल्ला एकच, परंतु एकीला तो गरजेहून अधिक मिळतो, तर दुसरीला मुळीच मिळत नाही. म्हणून विश्रांती घ्यावी की न घ्यावी, असा प्रश्न विचारण्याऐवजी ती कशापासून घ्यावयाची, किती घ्यावयाची आणि तिच्यापासून कोणत्या लाभाची अपेक्षा धरावयाची, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

‘जोखमीची गर्भावस्था’ हे काही एका रोगाचे नाव नव्हे. ज्या गर्भावस्थेत मातेला किंवा बालकाला, किंवा दोघांनाही, सर्वसाधारण प्रमाणापेक्षा अधिक धोका संभवतो, तिला हे नाव दिले जाते. रक्तदाब वाढलेला असणे, मधुमेह, तीव्र रक्तक्षय, हृदयविकार, जुळे किंवा तिळे असणे, वार गर्भाशयाच्या मुखाशी खाली चिकटलेली असणे, पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असणे, मुदतीपूर्वी पाणी जाणे, गर्भाची वाढ खुंटणे, अशी कितीतरी भिन्न कारणे या एका नावाखाली येतात. ती एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत, की त्या सर्वांवर एकच उपचार लागू पडेल, ही कल्पनाच मुळात चमत्कारिक वाटावी. तरीही बराच काळ तो एकच उपचार सर्रास सांगितला गेला, आणि तो म्हणजे निजून राहणे.

विश्रांतीवरील श्रद्धा

आजाऱ्याने निजावे ही समजूत फार जुनी आहे. मात्र निजणे हाच उपचार, असे शास्त्रीय रूप तिला एकोणिसाव्या शतकात आले. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात दिलेली व्याख्याने १८६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दुखावलेल्या अवयवाला स्वस्थता दिली, की निसर्ग आपले काम करतो, हे त्यांचे सूत्र होते. मोडलेल्या हाडाच्या बाबतीत ते खरेच होते. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सायलस वीर मिचेल यांनी या तत्त्वाचा विस्तार मनाच्या व्याधींपर्यंत केला. त्यांच्या ‘विश्रांती उपचारा’त रुग्ण स्त्रीने सहा ते आठ आठवडे अंथरुणावर पडून राहावयाचे, भरपूर दूध प्यावयाचे, अंगाला मालीश करून घ्यावयाचे, मात्र वाचणे, लिहिणे, भेटीगाठी हे सर्व वर्ज्य. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर १८८७ साली हा उपचार झाला आणि त्याने बरे वाटण्याऐवजी तिची अवस्था अधिकच बिघडली. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द यलो वॉलपेपर’ या तिच्या कथेतील खोलीत कोंडलेली, हळूहळू भानावरून सुटत जाणारी स्त्री या अनुभवातून आली आहे. सक्तीची स्वस्थता मनाला काय करू शकते, याची ही एका रुग्णाने दिलेली साक्षच म्हटली पाहिजे. वैद्यकाने तिची दखल घ्यावयास पुष्कळ उशीर लावला.

विसाव्या शतकाच्या मध्यास वैद्यकाच्या अन्य शाखांत ही श्रद्धा ढासळू लागली. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली अंथरुणाला खिळण्याचे धोके दाखविणारा एक मार्मिक लेख लिहिला. १९५२ साली बॉस्टनमध्ये सॅम्युएल लिव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना आडवे न ठेवता आरामखुर्चीत बसविण्यास आरंभ केला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालविण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. गर्भवतीच्या बाबतीत मात्र जुनाच रिवाज चालू राहिला. पोटात वाढणारा जीव डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यासाठी काहीतरी केलेच पाहिजे, ही भावना डॉक्टर व कुटुंब या दोघांनाही स्वस्थ बसू देत नाही, आणि मग बिचाऱ्या स्त्रीलाच स्वस्थ पडून राहावे लागते.

मुंबईतील एक निरीक्षण

या संदर्भात भारतातील एका कार्याचा उल्लेख आवश्यक आहे. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे काम करीत होते. चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान ज्यांचा गर्भ पुनःपुन्हा पडतो, अशा स्त्रिया त्यांच्याकडे येत. यांतील अनेकींना त्याआधी महिनोन्‌महिने निजवून ठेवलेले असे, हॉर्मोनची इंजेक्शने दिलेली असत. तरीही ठराविक वेळ आली, की विशेष कळा न येताच गर्भाशयाचे मुख उघडे आणि गर्भ बाहेर पडे. कितीही विश्रांती दिली तरी या स्त्रियांचा गर्भ टिकत नाही, असे शिरोडकरांनी स्पष्ट नमूद केले आणि दोष स्त्रीच्या हालचालीत नसून गर्भाशयाच्या मुखाच्या दुबळेपणात आहे, या निष्कर्षावर ते आले. स्त्रीच्याच मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी काढून ती त्यांनी गर्भाशयाच्या मुखाभोवती बांधली. १९५५ साली ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय नियतकालिकात त्यांनी ही पद्धती प्रसिद्ध केली. ‘शिरोडकर टाका’ या नावाने ती जगभर गेली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील इयन मॅक्डोनल्ड यांनी तिचे सुलभ रूप मांडले आणि आज बहुतेक ठिकाणी तेच वापरले जाते.

टाका प्रत्येकीलाच लागतो असे नाही आणि प्रत्येकीला त्याचा गुण येतो असेही नाही. परंतु शिरोडकरांच्या कामातील खरा बोध विचारपद्धतीचा आहे. गर्भ का पडतो, याचे नेमके कारण त्यांनी शोधले. कारण ठाऊक नव्हते तोवर विश्रांती हे उत्तर होते. कारण कळल्यावर उपचारही बदलला.

अनुभवाची कसोटी

निजून राहिल्याने खरोखर दिवस भरतात काय, हे पडताळण्याचा निःपक्षपाती मार्ग एकच. सारख्याच स्थितीतील स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करावयाचे, एका गटाला विश्रांती द्यावयाची, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे वावरू द्यावयाचे, आणि मग परिणाम ताडून पाहावयाचा. आफ्रिकेतील हरारे या शहरात जुळी असलेल्या २१२ स्त्रियांवर असा प्रयोग करण्यात आला व त्याचा वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध झाला. विश्रांतीसाठी रुग्णालयात ठेवलेल्या गटात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी तर झाल्या नाहीतच, उलट त्या अधिक आढळल्या. एकच गर्भ असलेल्या स्त्रियांसंबंधी उपलब्ध असलेल्या पुराव्याची छाननी २००४ साली झाली. विश्रांतीमुळे वेळेआधीची प्रसूती टळते, असे म्हणावयास तीत आधार सापडला नाही. २०१२ साली अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने अशी विश्रांती सरसकट सांगू नये, असे आपल्या सभासदांना कळविले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘लाभ सिद्ध झालेला नाही’ याचा अर्थ प्रत्येक स्त्रीने उद्यापासून डोंगर चढावा, असा होत नाही. रक्तस्राव चालू असताना, पाणी गेलेले असताना किंवा रक्तदाब भडकलेला असताना स्त्रीला रुग्णालयात ठेवून घेतात, ते योग्यच आहे. परंतु तेथे तिला वाचविते ते निजणे नव्हे, तर डॉक्टरांची नजर, वेळेवर मिळणारे रक्त व औषध आणि शस्त्रक्रियेची सोय ही होय. वार खाली असेल, तर निजल्याने ती वर सरकत नाही. गर्भाशय वाढत जातो तसतशी बहुतेक स्त्रियांत ती मुखापासून आपोआपच दूर होते, आणि जिची होत नाही, तिने रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयाच्या जवळ राहणे महत्त्वाचे असते. वाढलेल्या रक्तदाबासाठी औषधे आहेत, आकडी टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे, आणि प्रसूती केव्हा करवावी याचा निर्णय आहे. वेळेआधी प्रसूती होणार असे दिसू लागले, तर मातेला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बालकाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली हे दाखवून दिले आणि त्यानंतर जगातील असंख्य अपुऱ्या दिवसांची बालके त्यामुळे वाचली आहेत. दोन-चार इंजेक्शनांचा हा उपाय पलंगाच्या तुलनेने किती लहान दिसतो! पण त्याचे फळ मोजून दाखविता येते.

पडून राहण्याची किंमत

शरीर हे वापरण्यासाठी बनलेले आहे. काही दिवस आडवे राहिले, की रक्तातील द्रव घटतो आणि उठताच भोवळ येऊ लागते. पायांचे व पोटऱ्यांचे स्नायू वेगाने बारीक होतात. हाडांतून कॅल्शियम झिरपून जाते; अवकाशात शरीराला वजन न पेलावे लागल्यामुळे होणारे परिणाम अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञ धडधाकट स्वयंसेवकांना पृथ्वीवर आठवडेच्या आठवडे निजवून ठेवतात, यावरून या झिजेची कल्पना यावी. गर्भावस्थेत रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात पाय निश्चल राहिले, तर शिरेत गुठळी होण्याचा धोका आणखी वाढतो, आणि ती गुठळी फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. बद्धकोष्ठ, छातीतील जळजळ, पाठदुखी व निद्रानाश या तर नित्याच्याच तक्रारी. अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक ज्युडिथ मॅलोनी यांनी १९९० नंतरच्या दशकात अशा स्त्रियांचा बारकाईने अभ्यास केला. निजून राहिलेल्या स्त्रियांचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही आणि बाळंतपणानंतर कित्येक आठवडे त्यांना जिना चढणेही कठीण जाते, असे त्यांना आढळले.

मनाची किंमत मोजणे अधिक कठीण आहे. दिवसभर छताकडे पाहणाऱ्या स्त्रीचे सारे लक्ष पोटाकडे लागते. प्रत्येक चमक तिला कळ वाटते. थोरले मूल दाराशी उभे राहून “आई, तू कधी उठणार?” असे विचारते, सासूबाई या वयात पुन्हा चुलीपाशी उभ्या राहतात, पगार कापला जातो, आणि या साऱ्याचे मूळ आपण आहोत, अशी अपराधी जाणीव तिच्या मनात घर करते. शौचास उठले म्हणून तर बाळाला काही झाले नाही ना, ही शंका तिला रात्री जागी ठेवते.

असे असूनही हा सल्ला का टिकून आहे? एक कारण वर आलेच आहे. दुसरे कारण भारतीय घराच्या रचनेत आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. अनेक घरांत सुनेला थकवा आला म्हणून बसता येत नाही. ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ हेच तिच्या विसाव्याचे एकमेव परवानापत्र असते. कित्येक डॉक्टर हे ओळखूनच चिठ्ठीवर ‘विश्रांती’ लिहितात. त्यामागील हेतू योग्य आहे. फक्त शब्द अधिक नेमका हवा: वजन उचलावयाचे नाही, तासन्‌तास उभे राहावयाचे नाही, रात्रपाळी करावयाची नाही, दुपारी दोन तास कुशीवर पडावयाचे आणि दोन्ही वेळा पोटभर जेवावयाचे. असे लिहून दिले, तर घरालाही कळते आणि ती स्त्री पलंगाला जखडलीही जात नाही.

मजूर स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने सोडवावा लागतो, कारण त्यांच्या विसाव्याच्या आड मजुरी येते. तमिळनाडूने १९८७ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने सुरू केलेली मातृत्व साहाय्य योजना याच विचारातून आली: गरीब गर्भवतीला बुडणाऱ्या मजुरीच्या बदल्यात पैसा मिळावा. केंद्र सरकारने २०१७ पासून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेखाली पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपये देण्यास आरंभ केला. नोकरदार स्त्रियांसाठी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातील रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची झाली, आणि गर्भावस्थेतून उद्भवलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त एक महिन्याची आणखी सवेतन रजा त्या कायद्यात होतीच. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली. या शेवटच्या तरतुदीची माहिती फारच थोड्या स्त्रियांना असते. डोंगराळ व आदिवासी भागांत महाराष्ट्रातील ‘माहेरघर’ किंवा ओडिशातील ‘मा गृह’ यांसारख्या सोयी आहेत. दिवस भरत आलेल्या स्त्रीने दवाखान्याजवळ येऊन राहावे, तिच्या जेवणाची व्यवस्था तेथेच व्हावी, असा त्यांचा हेतू आहे. नावही सार्थ आहे. पूर्वी माहेर हेच काम करीत असे.

आठवडे काढताना

ज्या स्त्रीला खरोखरच घरी किंवा रुग्णालयात दीर्घकाळ थांबावे लागणार आहे, तिने प्रथम डॉक्टरांकडून सल्ल्याचा अर्थ पक्का करून घ्यावा. आपणास नेमके काय झाले आहे? शौचास व स्नानास उठता येईल काय? बसून जेवता येईल काय? खोलीत फेऱ्या मारता येतील काय? शरीरसंबंध वर्ज्य आहे काय? ही बंधने किती दिवसांसाठी आणि पुढील विचार केव्हा? हे प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत असेल, तर ते पतीने विचारावेत. तपासणीच्या वेळी त्याने बाहेरच्या बाकावर बसून राहण्याचे काही कारण नाही. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांतून २०१६ पासून गर्भवतींची मोफत तपासणी होते, तेथेही हे प्रश्न विचारता येतात.

पाचव्या महिन्यानंतर उताणे निजू नये, कारण भरलेले गर्भाशय पाठीकडील मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते. डाव्या किंवा उजव्या कुशीवर, गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन पडावे. डॉक्टरांची हरकत नसेल, तर तासातासाला पावले वरखाली करणे, घोटे फिरविणे, हात उचलणे व दीर्घ श्वास घेणे चालू ठेवावे. पाणी हाताशी असावे. आहारात भाकरी, डाळी, पालेभाज्या, दूध, फळे असावीत. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत, मात्र दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत.

दिवसाला आकार देणे हे निम्मे औषध आहे. सकाळी रात्रीचे कपडे बदलून, वेणीफणी करून खिडकीजवळच्या जागी यावे. झोपावयाची जागा व दिवसाची जागा शक्यतो वेगळी असावी. थोरल्या मुलाचा अभ्यास, भाजी निवडणे, हिशेब लिहिणे, विणकाम, वाचन यांतले जे जमेल ते तिच्याकडे असू द्यावे. घरच्यांनी तिच्या हातातून सर्वच कामे काढून घेणे ही दया खरी, पण तिने ती स्त्री अधिकच निरुपयोगी ठरते. महिन्यांऐवजी आठवडे मोजावेत. अठ्ठाविसाव्या व चौतिसाव्या आठवड्यांत जन्मलेल्या बालकांच्या स्थितीत फार मोठा फरक असतो, त्यामुळे संपलेला प्रत्येक आठवडा ही खरीच कमाई असते. सातव्या महिन्यातील डोहाळजेवण रद्द करण्याचेही कारण नाही. ते घरातल्या घरात, पाच जणींना बोलावून, कुशीवर रेलून घेता येते. सतत रडू येणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तो हट्ट किंवा नाजूकपणा नव्हे.

काही लक्षणे दिसताच मात्र वाट पाहू नये: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ठराविक अंतराने कळा येणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, ताप, एकाच पोटरीत वेदना व सूज, धाप लागणे, बाळाची हालचाल मंदावणे. गाडीची सोय, १०८ किंवा १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक, रक्त देऊ शकणाऱ्या नातेवाइकांची नावे व सर्व कागदांची पिशवी ही तयारी अगोदरच करून ठेवावी. रात्री दोन वाजता या गोष्टी शोधाव्या लागू नयेत.

प्रसूतीनंतर अशा स्त्रीला पायांत बळ नसल्याचे जाणवते, यात आश्चर्य नाही. पहिल्यांदा उठताना कोणीतरी जवळ असावे, चालणे दररोज थोडे थोडे वाढवावे. सव्वा महिन्याच्या रूढ विश्रांतीची भर तिच्या आधीच्या निजण्यात घालणे हितावह नाही. आणि सर्व काळजी घेऊनही गर्भ टिकला नाही, तर ‘ती त्या दिवशी उठली होती’, ‘तिने फडताळावरचा डबा काढला होता’ अशा नोंदी घरात निघू लागतात. या नोंदींना शास्त्राचा आधार नाही. गर्भातील दोष, जंतुसंसर्ग, वारेचा बिघाड, रक्तदाब, गर्भाशयमुखाचा दुबळेपणा यांसारखी कारणे असतात आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. डॉक्टरांनी हे सासू, पती व स्त्री या तिघांना एकत्र बसवून सांगावे. त्या वेळचे सर्व कागद, गर्भ किती आठवड्यांचा होता, कळा आधी आल्या की पाणी आधी गेले, ही माहिती लिहून जपून ठेवावी. आणि पुढच्या खेपेस दिवस राहिल्याचे कळताच ती घेऊन लगेच दवाखान्यात जावे. कारण शिरोडकरांच्या मार्गाने जावयाचे झाल्यास टाका बहुधा बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास घालावा लागतो.